दगडातली आधीची बाई

वासंती गेल्याचं मला कळलं ते इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये. मी डिकीत मेथीच्या जुड्या ठेवत होते आणि फोन वाजला. रिया. भर कामाच्या दिवशी, भर दुपारी टेक्ससमधून, प्लेनोहून रियाचा फोन म्हटल्यावर मी जुडी हातात तशीच ठेवून तो घेतला. "मावशी..."  ती म्हणाली, "शी इज गॉन. वासंतीमावशी इज गॉन. हॉस्पिटलमधून आत्ता कॉल आला. मी निघतो, मी रात्रीपर्यंत पोचतो." (रिया मुलगी आहे आणि 'निघतो' म्हणते. छपाईची चूक नाही ती. हा सगळा लेख त्या 'तो'बद्दलच आहे म्हणा ना.) मी हो हो म्हणत राहिले. गाडीत बसले. आदल्याच दिवशी मी वासंतीला भेटून आले होते, गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं होतं, हॉस्पिटलच्या जेलीला नावं ठेवून झाली होती. आणि आता म्हणे गॉन. अशी कशी गॉन? मी तिथेच, मेथीच्या वासात, मोठमोठ्यानं रडले. शेजारच्या गाडीतली बाई काच खाली करून 'आर यू ओके' विचारून गेली, तिला धड उत्तरसुद्धा दिलं नाही.

वासंती आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या अरविंदची दुसरी बायको. पहिली सुषमा, दादरची. रिया तिची मुलगी. रिया अगदी लहान असताना सुषमा आजारी पडून गेली, आणि वर्षभरानं अरविंद कोल्हापूरकडे जाऊन वासंतीशी लग्न करून तिला इथे अमेरिकेत, श्रूजबरीला घेऊन आला. मला सुषमाही माहीत होती, पण वरवरची. मंडळात दोन-चारदा भेटलेली. मी नागपूरची, बोलण्याच्या ओघात 'मी आली', 'मी गेली' म्हणायची, आणि सुषमा हसून, पण लगेच सुधारायची, "आले म्हणा, शैलाताई, आले." तिच्यासमोर बोलताना मला परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. आणि त्याच घरात नंतर ही वासंती आली! ती दोघं पहिल्यांदा माझ्याकडे जेवायला आली तेव्हा मी तिला सोफा दाखवला, तर म्हणाली, "नको, मी हितंच बसतो की खाली." आमच्याकडे आलेल्या सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक तर सरळ म्हणाली, "बसतो काय गं? पुरुष आहेस की काय?" वासंतीही हसली. म्हणाली, "आमच्यात बायका अशाच बोलतात. आई बोलायची, आज्जी बोलायची. मी काय इमानात बसल्यावर बदलू व्हय?" मला त्या क्षणी ही बाई आवडली. बाप्पा, म्हटलं, कुणी तरी भेटलं बोलायला.

कमर्शियल आर्टचा डिप्लोमा होता तिचा. इथे तिला शेजारच्या वूस्टरमधल्या एका फ्रेमिंगच्या दुकानात काम मिळालं, जुनी छापील चित्रं साफ करायची, मागचा पुठ्ठा बदलायचा, चौकट बसवायची. तिथेच तिला त्या नाचणाऱ्या बायका सापडल्या. एकोणिसाव्या शतकातल्या, युरोपातल्या बॅले नर्तकींची लिथो चित्रं, म्हणजे दगडावर काढून छापलेली. फोटो घरोघरी पोचले नव्हते तेव्हा लोक म्हणे ही चित्रं विकत घेऊन दिवाणखान्यात लावायचे. पांढरा ढगासारखा झगा, केसांत फुलांची वेणी, पाठीला इवले पंख, गालावर हातानं भरलेला गुलाबी रंग, आणि एका पायाच्या अंगठ्यावर उभी. तीही कशावर, तर फुलावर किंवा पाण्यावर! दुकानातली कुणाला नको असलेली, कोपरा फाटलेली, डाग पडलेली चित्रं वासंती घरी आणायची आणि जिन्याच्या भिंतीवर लावायची. तिला लिथोची ओढ रक्तातूनच होती. आजोबांचा गावात शिळाप्रेस होता, देवांची चित्रं नि औषधांची लेबलं छापायचे. प्रेस बंद पडल्यावर एक छपाईचा दगड परसात धुणं धुवायला टाकला होता. "ओला झाला की त्याच्यात देवीचा हात दिसायचा," वासंती सांगायची. "उलटा. वाळला की गायब. मी मुद्दाम पाणी मारत बसायचो, म्हणून मार खाल्लाय."

माझी आई नागपूरहून आली होती त्या उन्हाळ्यातला प्रसंग सांगते. आम्ही वासंतीकडे गेलो. आई जिन्याशी जी थांबली ती वर चढेचना. चष्मा नाकावर पुढे घेऊन एकेक चित्र निरखलं आणि माझा हात गच्च धरून म्हणाली, "हे कोन बायका होय गं? हिचे पाय तं भुईले टेकूनच नाई रायले." मी म्हटलं, आई, नाच आहे तो. "नाचते तं पाय आपटाले नको? पाय न टेकनारी बाई घरात टांगतात काय कोनी? अन् लेकराचं घर!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वासंती मात्र आईशेजारी पायरीवर बसली आणि तिला म्हणाली, "बरोबर ओळखलंत काकू. भुतंच हायत ही." मग तिनं आईला समजावून सांगितलं, की त्या काळी तिकडे रंगमंचावर असल्याच गोष्टी चालायच्या. लग्नाआधी मेलेल्या मुली, पाण्यातल्या पऱ्या, माणसाच्या हाताला न लागणाऱ्या बायका. म्हणून चित्रकार पाऊल मुद्दाम एवढंसं काढायचा, जमिनीला लागतंय न लागतंयसं. आईनं सगळं ऐकून घेतलं. "आपल्या विहिरीतल्या आसरा असतात तशा म्हन," ती म्हणाली, आणि निघताना त्या भिंतीला हात जोडून आली. वासंतीनं कुणाला तिला हसू दिलं नाही की स्वतः हसली नाही.

त्याच भिंतीवर, त्या नर्तकींच्या मधोमध, सुषमाचा फोटो होता. हार न घातलेला. हार घातला की माणूस गेलं असं होतं, म्हणून वासंतीनं तो घालू दिला नाही. तिला आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. अगं, तुझं घर आहे आता, थोडं बदल कर. स्वयंपाकघरातले डबे सुषमाच्या अक्षरातले, पडदे सुषमानं निवडलेले, फुलदाणीसुद्धा तिथेच जिथे सुषमानं ठेवली होती. सासूबाईंनी सवतीचा चांदीचा टाक पाठवला होता, गेलेल्या पहिलीच्या नावानं दुसरीनं घालायचा असतो तो, तोही ही शिकलेली बाई स्वेटरच्या आत गळ्यात घालायची. मी एकदा चिडलेच. म्हटलं, काहून गं, तुला तिच्या भुताची भीती वाटते काय? तर म्हणाली, "भीती पोरीची वाटते. तिला आई नीट आठवत नाही. मी जितकी या घरात पसरीन तितकी ती बाई पुसली जाईल. मग रियाला कोण राहिलं?" मी म्हटलं, तू राहिलीस ना! "मी हायच की," ती म्हणाली. "मी कुठं जातोय?"

आणि मग एक दिवस ती बदलली. आमच्या लक्षात आलं ते हळूहळू. 'येते', 'जाते', 'करते'. कोल्हापूर पार गायब. मला वाटलं, मंडळातल्या बायकांना भ्याली. मला रागच आला. तिच्या घरी गेले आणि तोंडावर विचारलं, "काय गं, शुद्ध झालीस? कुणी चिडवलं? नाव सांग, बघतेच मी तिच्याकडे."  दुकानातून नवीनच आणलेलं एक चित्र टेबलावर होतं, ते उचलून वासंती खिडकीशी घेऊन गेली. म्हणाली, "हिच्या मागचं आभाळ बघ." मला काही दिसेना. "नीट बघ. डाव्या खांद्याच्या वर." मग दिसलं... पंखामागे, करड्या आभाळात, आणखी एक खांदा. एक मान. वर उचललेला एक हात, अगदी पुसट, कुणी तरी मागे उभं असावं तसा.  वासंतीनं सांगितलं, लिथोचा दगड महाग, एका चित्रासाठी कोण ठेवणार? छपाई झाली की वाळू नि पाणी घालून घासायचा, आणि त्याच दगडावर पुढचं चित्र काढायचं. पण चित्र तेलकट खडूनं काढतात, तेल दगडात मुरतं. घासणाऱ्यानं घाई केली की आधीची बाई नव्या बाईच्या मागे उमटते. दुकानातले लोक त्याला 'घोस्ट'च म्हणतात.

"मागच्या महिन्यात एकदा जेवताना," ती पुढे म्हणाली, "रिया एकदम म्हणाली, मला आईचा आवाज आठवतो. मी म्हटलं, सांग की. तर म्हणाली, मी रडायला लागलो की आई दारातनं म्हणायची, 'आत्ता येतो हं.' आणि यायची." वासंतीनं चित्र खाली ठेवलं. "शैला, सुषमा दादरची. ती कशाला 'येतो' म्हणेल? ते मी म्हणत होतो. आल्या आल्या, पहिल्या वर्षी. पोरगी रात्रीची उठून रडायची तेव्हा."  मी म्हटलं, मग तू सांगितलं नाहीस? "अरविंदनं माझ्याकडं बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. तो ताटात बघून जेवत राहिला." मी म्हटलं, अगं पण... "पण काय? तिच्याकडं आईचं तेवढंच हाय. ते पण मी घेऊ? आता मी 'येतो' म्हणत राहिलो तर तिला कळंलच ना एक दिवस. म्हणून सोडलं." त्या दिवसानंतर माझ्याशीसुद्धा ती कधी 'येतो' म्हणाली नाही. दोघीच असलो तरी. मी आग्रह केला तर म्हणायची, तोंडाला सवय राहिली तर घरात निसटेल.

आता गंमत बघा... गंमत कसली! वासंतीनं सोडलं आणि रियानं धरलं. मोठी होताना ती इंग्रजीच बोलायची, पण जे काही थोडं मराठी तोंडात होतं त्यात ती 'येतो', 'जातो', 'खातो'च म्हणायची. मंडळाच्या गणपतीत कुणी ना कुणी काकू हमखास सुधारायच्या, "रिया बेटा, तू मुलगी आहेस ना? मग येते म्हणायचं." अमेरिकेत जन्मलेली पोर, तिला कुठलं लिंग नि कुठलं वचन, असं सगळ्या समजायच्या. रिया लाल व्हायची, पण ऐकायची नाही. "दॅट्स हाऊ माय मॉम सेड इट," म्हणायची. सुषमाला ओळखणाऱ्या बायका गप्प बसायच्या, लहान मुलीशी कोण वाद घालणार? आणि वासंती तिथेच पलीकडे कागदी द्रोण मांडत असायची. मान वर करायची नाही. मी मात्र तिच्याकडे बघत असायचे, आणि मला रडू यायचं नि रागही यायचा, दोन्ही एकदम.

वर्षं गेली. रिया टेक्ससला नोकरीला गेली, अरविंद वारला, घरात वासंती एकटी राहिली. ती, सुषमाचा फोटो आणि त्या अधांतरी बायका. मी म्हणायची, आता तरी सांग पोरीला, आता ती मोठी आहे. "आता काय सांगते? तिचं चांगलं चाललंय," वासंती म्हणायची. चित्रांवरची धूळ मऊ ब्रशनं झटकत म्हणायची, "हिचा नाच कसा होता, आज कुणाला ठाऊक आहे? बघणारे गेले, नाचणारी गेली. कुणी एक कागद ठेवला म्हणून ती आहे. तसंच असतं गं." तिच्या बोलण्यातलं ते 'आहे' मला टोचायचं. पूर्वी 'हाय' म्हणायची.

दिवस झाल्यानंतर काही आठवड्यांनी रिया पुन्हा आली, घर आवरायला. मी मदतीला गेले. जिन्याची भिंत शेवटी ठेवली होती. तिनं एकेक चित्र उतरवलं, पुसलं, जुन्या चादरीत गुंडाळलं. त्या 'घोस्ट'वाल्या चित्रापाशी आली आणि खिडकीकडे घेऊन गेली, अगदी वासंती जायची तशी. "मावशी, हे बघ. देअर इज समवन बिहाइंड हर." मी दगडाचं सगळं सांगितलं, वाळू, पाणी, मुरलेलं तेल. ती खूप वेळ बघत राहिली. "सो दॅट्स माय मॉम," त्या पुसट खांद्यावर बोट न टेकवता ती म्हणाली, "आणि वर वासंतीमावशी." माझ्या अगदी ओठावर आलं होतं की नाही गं बाई, उलट आहे. आणि तेवढ्यात ती पायरीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. मला वाटलं, साहजिक आहे. पाठीवर हात फिरवत होते. तर म्हणाली, "आय फील सो गिल्टी, मावशी. मला फक्त मॉमचा आवाज ऐकू येतो. वासंतीमावशीनं मला मोठं केलं. एव्हरी सिंगल डे. आणि मी डोळे मिटतो आणि ट्राय करतो, तर तिचा आवाज येतच नाही. जस्ट कायतरी प्लेन. लाइक एनीबडी. व्हाय कान्ट आय हिअर हर?"

 वासंतीनं मान हलवलेली मला दिसत होती. मी म्हटलं, येईल हळूहळू, दुःख ताजं आहे. खोटं बोलले धडधडीत. चित्र रियानं प्लेनोला नेलं.

त्यानंतर मला धड झोप नाही. काम करता करता दोघी समोर येतात. सांगितलं, तर सुषमा संपली. खरंच संपली, कारण तिचा आवाज आता कुणाकडेच उरलेला नाही. मी आठवायचा किती प्रयत्न केला! ती 'आले म्हणा' म्हणायची हे आठवतं, शब्द आठवतात, पण आवाज नाही. पोरीची आई मी दुसऱ्यांदा मारायची? आणि नाही सांगितलं, तर वासंतीला आम्ही कायमचं 'लाइक एनीबडी' करून ठेवणार. जिनं स्वतःची जीभ स्वतःच्या हातानं घासून टाकली, ती उरणार कशात? चिडून मी हा लेख लिहायला घेतला. रियाला मराठी वाचता येत नाही, म्हटलं इथे तरी ओकून मोकळी होईन. चार लोकांना कळेल, तिला नाही कळणार. ते तरी कुठे बरोबर होतं? पण तेवढाच मार्ग दिसत होता.

लेख इथवर आला होता, सुषमाचा आवाज आठवत नाही या वाक्यापर्यंत, तेव्हा रविवारी सकाळी रियाचा फोन आला. वासंती होती तेव्हा ती रविवारी तिला करायची, आता मला करते. ऑफिसचं बोलली, तिकडच्या उकाड्याचं बोलली, चित्र कुठे लावलं ते सांगितलं. मी चहा ढवळत नुसतं हं हं करत होते. मग म्हणाली, "ओके मावशी, मी ठेवतो हं आता. संध्याकाळी परत करतो." आणि माझ्या तोंडून सहज, अगदी सहज गेलं, "हो, ठेव गं वासंती."

  रिया अगदी हळू म्हणाली, "मावशी... तू मला काय म्हणालीस?"

वय झालं, जीभ घसरली, असं म्हणता आलं असतं. रियानं विश्वासही ठेवला असता. "व्हाय डिड यू कॉल मी दॅट?" तिनं पुन्हा विचारलं. मी चहाचा कप बाजूला सारला, खुर्ची ओढून बसले आणि मनात म्हटलं, वासंती, रागव हवं तर, वर आले की काय मारायचं ते मार. आणि सगळं सांगितलं. कोल्हापूरच्या बायका कशा बोलतात ते. सुषमा मला काय सुधारायची ते. पहिल्या वर्षी रात्री कोण उठायचं ते. जेवणाच्या टेबलावर बाबांनी कुणाकडे बघितलं आणि कुणी मान हलवली ते. त्यानंतर ती 'येते' का म्हणायला लागली ते.  

"सो माझ्याकडे मॉमचं काहीच नाही," शेवटी रिया म्हणाली. मी म्हटलं, "नाही गं बाळा. ते नाही."  ती रडत होती. मी फोन धरून बसले. मग रडणं थांबलं. तिकडे एक दार लागल्याचा आवाज झाला, ती बहुधा दुसऱ्या खोलीत गेली. आणि मला ऐकू आलं, "आत्ता येतो हं." मला वाटलं घरात कुणाला तरी म्हणाली. पण घरात ती एकटीच असते. थोडं थांबून ती परत म्हणाली, आणखी सावकाश, "आत्ता येतो हं."

मी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. ती वासंतीला ऐकत होती.